लॅपटॉप असताना टॅबलेट घ्यावा का? दिवाळीपासून दोन्ही वापरून झाल्यावर

आधी उत्तर सांगतो, वेळ असेल त्यांनी पुढचं वाचा. लॅपटॉपच्या ऐवजी म्हणून टॅबलेट घेत असाल तर नका घेऊ. पण लॅपटॉपवर बसून करायचं काम आहेच, आणि शिवाय बाहेर फिरून कागद बघायचे, खुणा करायच्या, समोरच्याला दाखवायचं असंही काम रोजचं आहे, तर दोन्ही ठेवा, पैसे वसूल होतात. मधलं काही नाही.

मी इचलकरंजीत टॅक्स आणि जीएसटीची कामं बघतो. क्लायंट बरेचसे यंत्रमागवाले, थोडे कापड व्यापारी, दोनचार प्रायव्हेट लिमिटेड. जुना लॅपटॉप ठणठणीत होता, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, माझा सातव्या पिढीचा. लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, पासवर्ड सगळं ज्या मशीनवर आहे ते बिनअपडेटचं चालवायचं म्हणजे नसती जोखीम, त्यामुळे नवीन घेणं भागच होतं. प्रश्न एवढाच की एकच महागातला उलटा दुमडणारा टचवाला घ्यायचा का साधा लॅपटॉप आणि वेगळा टॅब. दुकानात तो दुमडणारा हातात धरून बघितला, दीड किलोच्या आसपास वजन, एका हातात धरून दुसऱ्या हाताने लिहायचं तर मनगट बोलायला लागतं, आणि मागच्या बाजूला बोटांना किबोर्डची बटणं लागत राहतात ते वेगळंच. तिथेच ठरलं. साधा विंडोज लॅपटॉप घेतला आणि दिवाळीत अकरा इंची अँड्रॉइड टॅब, पेन बॉक्समध्येच येणारा. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, तुम्ही घ्यायला जाल तोवर ते बंद होऊन पुढचं आलेलं असेल.

लॅपटॉप का सुटत नाही ते आधी सांगतो, कारण "आता टॅबवर सगळं होतं" असं सांगणारे लय भेटतात. टॅली, म्हणजे आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, विंडोजवर चालतं. टॅबवरून रिमोटने ऑफिसचं मशीन उघडता येतं, मी उघडतो पण, पण टॅली हे बोटांनी शिकलेलं सॉफ्टवेअर आहे राव, एफ८ दाबलं की सेल्स, एफ९ परचेस, एफ५ पेमेंट, कंट्रोल ए मारलं की एंट्री सेव्ह, डोकं वापरायलाच लागत नाही. टॅबच्या स्क्रीनवरच्या किबोर्डला एफची बटणं कुठून आणायची. रिमोट ॲपमध्ये एक पट्टी ओढून ती मिळतात, पण तोपर्यंत आमच्या दिवाणजीच्या चार एंट्र्या झालेल्या असतात. एखाद्या पार्टीचं लेजर बघायला ठीक, एंट्री करायला नाही. दुसरं म्हणजे डीएससी, यूएसबी टोकनमधली डिजिटल सही. कंपनी आणि एलएलपीचं जीएसटी रिटर्न डिजिटल सहीशिवाय जात नाही, आणि त्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवरच टाकायचा असतो. प्रोप्रायटरचं ओटीपीवर भागतं, ते मी टॅबवरून भरलेलं पण आहे, बसस्टँडवर. तिसरं, इन्कम टॅक्सच्या एक्सेल युटिलिटी, म्हणजे रिटर्न तयार करायच्या फाइली. त्या सगळ्या मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलच्या आतल्या छोट्या प्रोग्रामवर चालतात आणि एक्सेलच्या मोबाईल ॲपमध्ये मॅक्रो चालत नाहीत, त्यात आयपॅड घ्या नाहीतर आणखी काही घ्या. आणि सोसायट्या, पतसंस्था यांच्याकडून अजून जुन्या मराठी फॉन्टमधल्या वर्डच्या फाइली येतात, तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. लॅपटॉपवर फॉन्ट टाकून ठेवलेत, तिथे दोन मिनिटांत वाचून होतं. त्यांना पीडीएफ पाठवा म्हणून सांगून दमलो.

मग टॅब कशाला? कारखान्यासाठी.

मागाच्या शेडमध्ये हवेत सतत बारीक कापूस उडत असतो. तास-दीडतास बसलात की शर्टावर, भुवयांवर पांढरा थर, आणि लॅपटॉपचा पंखा तो सगळा आत ओढून घेतो. जुना लॅपटॉप साफ करायला दिला होता तेव्हा दुकानदाराने पंख्याच्या जाळीतून चक्क नमद्यासारखी पट्टी काढून दाखवली. टॅबला पंखाच नाही, ओढणार काय. घरी येऊन ओलसर फडक्याने पुसला की झालं, फक्त चार्जिंगच्या भोकात कापूस बसतो तो लाकडी टूथपिकने काढतो. आणि तिथे टेबल-खुर्ची असतेच असं नाही. कापडाच्या घड्या घालायच्या टेबलाशी उभं राहून मालकाशी बोलायचं, मागांचा खडखडाट इतका की ओरडून सांगावं लागतं, त्यापेक्षा बिलाचा फोटो समोर धरून पेनने गोल करायचा, "हा नंबर बघा, चुकलाय". एकदम समजतं. लॅपटॉप उघडून दाखवला तर मालक स्क्रीनकडे न बघता आपल्याकडेच बघत बसतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. टॅब मात्र हातात घेतात, स्वतः झूम करतात, आणि मग बिल कुणी बनवलं त्याच्या नावाने शंख सुरू होतो.

ऑफिसात टॅबचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, पण महिन्याच्या १४ तारखेला २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी आली, आणि ती आपल्या बिलांशी ताडायची म्हटलं की खरी गंमत. लॅपटॉपवर २बीचं एक्सेल, शेजारी स्टँडवर टॅब आणि त्यात व्हॉट्सॲपवर आलेली बिलं. ही बिलं कशी येतात ते या धंद्यातल्यांना माहितीय, आडवी, उलटी, अर्धी बोटाखाली. टॅब फिरवला की बिल सरळ, लॅपटॉप कसा फिरवणार. व्हॉट्सॲप फोनसोडून आणखी चार डिव्हाइसला जोडता येतं त्यामुळे ट्रान्सफरची भानगड नाही. टॅब वायफायवरून लॅपटॉपची दुसरी स्क्रीन पण होतो, ते करून पाहिलं, पण माउस मागून रखडत येतो, मी ते सोडलं. दोन वेगळी मशीन शेजारी ठेवलेली बरी.

आणि एप्रिलपासून तर वाचनच वाचन आहे. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा आला, ५३६ कलमं, जुने नंबर सगळे फिरले. गुंतवणुकीच्या वजावटीचं ८०सी आता १२३, पगाराचा टीडीएस १९२ होता तो ३९२, असेसमेंट इयर गेलं आणि टॅक्स इयर आलं. रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत टॅब घेऊन बसतो, स्क्रीन दोन भागात, डावीकडे जुना कायदा उजवीकडे नवा, पेनने समासात नंबर टाकत जातो. हे लॅपटॉपवर होत नाही का, होतं, पण दिवसभर त्याच्यासमोर बसलेला माणूस रात्री परत तिथे बसत नाही. छापील पुस्तक पण घेतलंय, पण त्यात सर्च होत नाही.

किबोर्ड कव्हर घेऊ नका. हा माझा ठाम सल्ला आहे, भांडायचं असेल तर भांडा. किबोर्ड लावला की टॅबचं वजन जवळपास लॅपटॉपएवढं होतं आणि काम तरीही लॅपटॉपचं होत नाही. आयपॅडचंच घ्या, २०२५ मध्ये आलेला साधा ए१६ वाला इथे ३४,९०० ला आला, यूएसबी-सी पेन्सिल ७,९००, किबोर्ड फोलिओ २४,९००. बेरीज करा, ६७,७०० होतात, त्यात चांगला लॅपटॉप येतो आणि त्यात टॅली पण चालतं. आयपॅड वाईट आहे असं नाही, आयपॅडओएस २६ पासून त्यात खिडक्या लहानमोठ्या करून पाहिजे तिथे ठेवता येतात, चित्रकार, डॉक्टर, गाणंबजावणं करणारे यांचं गणित वेगळं. पण ज्याचं काम टायपिंगचं आहे त्याने टॅबला किबोर्ड जोडून लॅपटॉप बनवायच्या भानगडीत पडू नये. चार ओळींचं उत्तर द्यायचं असेल तर मी मराठीत बोलून टाइप करतो, "जीएसटीआर" सोडलं तर बरोबर लिहितो.

त्रास काय, तर दोन चार्जर, दोन अपडेट, आणि फाइल नेमकी कुठे आहे हे शोधणं. टॅबमध्ये खुणा केलेली पीडीएफ तिथेच राहून जाते. मी आता टॅबमध्ये काहीच सेव्ह करत नाही, सगळं क्लाउडच्या एका फोल्डरमध्ये, क्लायंटच्या नावाने. दुसरा त्रास घरचा. घरात टॅब आला की तो आपला राहत नाही. सकाळी बाबांचा पेपर, दुपारी मुलीची कार्टून, आणि आपण क्लायंटकडे जाऊन उघडतो तर बॅटरी अकरा टक्के. आता लॉक लावलाय आणि बाबांना वेगळं युजर अकाउंट करून दिलंय, मुलीचं अजून काही ठरलेलं नाही.

पोरगं कॉलेजला जातंय, काय घेऊ, असं क्लायंट विचारतात. लॅपटॉप घ्या. कोडिंग, प्रोजेक्ट, एक्सेल, सगळं त्यावर होतं, नोट्स वहीत लिहिता येतात. टॅब घ्यायचाच तर वर्षभराने, तोवर त्याचं त्यालाच कळेल लागतो का नाही ते. आणि धंदेवाल्यांनी दोन्हीची बिलं जीएसटी नंबर टाकून घ्या, भरलेल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं. अर्थात धंद्यासाठी वापरत असाल तर, कार्टूनचं क्रेडिट मिळत नाही.