मॅजिस्क की कर्नलएसयू: रूटची चावी कोणाकडे?
मॅजिस्क आणि कर्नलएसयू ही अँड्रॉइड फोन रूट करायची, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवायची साधनं. मॅजिस्कमध्ये ॲपने रूट मागितलं की पॉपअप येतो, १० सेकंद उलटी गिनती, काही दाबलं नाही तर आपोआप नकार. चांगलंय, पण घाईत अंगठा ग्रँटवर (परवानगीच्या बटणावर) पडतोच (माझा पडलाय), म्हणून सेटिंगमध्ये जाऊन फिंगरप्रिंटची अट आधी लावा आणि ऑटोमॅटिक रिस्पॉन्स चुकूनही ग्रँटवर ठेवू नका.

कर्नलएसयूत पॉपअपची भानगडच नाही, मॅनेजरमध्ये तुम्ही स्वतः टॉगल केलेल्या ॲपलाच रूट, बाकीच्यांना एसयू (रूट मागायची कमांड) दिसतसुद्धा नाही, वर ॲप प्रोफाइलमधून त्या रूटचे अधिकारही छाटता येतात. मला हेच जास्त पटतं. फक्त अधिकृत सपोर्ट आवृत्ती ५.१० पासूनच्या जीकेआय कर्नलला (गूगलचा सामायिक कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा), जुन्या फोनला मॅजिस्कच सोपं.