5 डॉलरचा फ्रँकेन्स्टाइन आणि 18 डॉलरचा फ्रँकेन्स्टाइन

लेक लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की दहावीत जाईल, म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या भाषेत सॉफमोर. इंग्लिश ऑनर्सला, म्हणजे इंग्रजीच्या वरच्या पातळीच्या वर्गाला घेतलंय, त्यामुळे जूनमध्ये शाळा सुटायच्या आधीच समर रीडिंगचा कागद हातात पडला. मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' सक्तीचं, शिवाय यादीतलं एक आपल्या आवडीचं. पुस्तक वाचायचं, समासात खुणा आणि टिपणं करायची, डायलेक्टिकल जर्नल लिहायचं (वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे पुस्तकातलं वाक्य, उजवीकडे त्यावर आपलं म्हणणं) आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात बसून निबंध लिहायचा.

पुस्तकाच्या नावापुढे '1818 टेक्स्ट' असं छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. म्हटलं, त्या साली निघालं असेल पुस्तक, सांगताहेत बापडे. ऑनलाइन 5 डॉलरला मिळत होतं, मागवून टाकलं. मी अकाउंटंट आहे, स्वस्त दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो.

तर हे परीक्षण त्या 5 डॉलरच्या प्रतीचं, आणि तीन आठवड्यांनी चडफडत घेतलेल्या 18 डॉलरच्या प्रतीचं.

स्वस्त प्रत हातात आली तेव्हाच शंका यायला हवी होती. मुखपृष्ठावर चौकोनी डोक्याचा, मानेत बोल्ट ठोकलेला हिरवा राक्षस. हे ध्यान 1931 च्या सिनेमातलं. कादंबरीतला प्राणी आठ फूट उंच आहे, त्याची कातडी पिवळसर आणि केस काळेभोर आहेत. बोल्ट कुठेच नाहीत. आणि फ्रँकेन्स्टाइन हे त्याचं नाव नाहीच, त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचं आहे. त्या बिचाऱ्याचं बारसं लेखिकेनेही केलं नाही. आत अक्षर मुंगीएवढं, समास बोटभरही नाही, आणि नक्की कुठला पाठ, म्हणजे मजकुराचं कुठलं रूप, छापलाय याचा आख्ख्या पुस्तकात कुठे उल्लेख नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लेक खाली आली. "आई, असाइनमेंटमध्ये व्हॉल्यूम टू, चॅप्टर थ्री म्हटलंय. माझ्या बुकात व्हॉल्यूमच नाहीयेत."

मला आधी वाटलं, पानं गळालीत. पानं जागच्या जागी होती. भानगड अशी की हे पुस्तक दोन आहेत. 1 जानेवारी 1818 ला लंडनमध्ये ते निघालं तेव्हा तीन खंडांत होतं, लेखिकेच्या नावाशिवाय, फक्त 500 प्रती. 1831 मध्ये मेरी शेलीने त्यावर पुन्हा हात फिरवला, नवी प्रस्तावना लिहिली, आणि पुस्तक एकाच खंडात आलं. 1818 च्या पाठात प्रत्येक खंडात प्रकरणांची मोजणी नव्याने सुरू होते: सात, नऊ आणि सात, एकूण 23. 1831 मध्ये पहिल्याच प्रकरणाची वाढून दोन झाली आणि आकडे सलग 24 पर्यंत गेले. स्वस्त आवृत्त्या पुष्कळदा 1831 च्या असतात. आमचीही तीच.

मी बसून हिशोब मांडला, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून देते. पहिल्या खंडातलं पहिलं प्रकरण म्हणजे नव्यातली पहिली दोन. पुढे त्या खंडात एक मिळवा, दुसऱ्या खंडात आठ मिळवा, तिसऱ्या खंडात सतरा. म्हणजे खंड दोन, प्रकरण तीन हे स्वस्त प्रतीतलं अकरावं. ताळा बरोबर जमला आणि मला वाटलं, वाचले 18 डॉलर.

नाही वाचले. लेकीने तोवर जर्नलची दोन पानं व्हिक्टर नशिबाला कसा दोष देतो यावर भरली होती. आधार काय, तर दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो म्हणतो की माझा नाश दैवानेच ठरवला होता. वाक्य आहे खरं झकास. पण ते 1831 ला घातलेलं, 1818 मध्ये नाहीच. व्हिक्टरच्या होणाऱ्या बायकोचं, एलिझाबेथचंही तेच. जुन्या पाठात ती व्हिक्टरची सख्खी आतेबहीण. नव्यात ती एका गरीब शेतकऱ्याच्या घरी सापडलेली, मिलानच्या उमरावाची अनाथ मुलगी. लेकीने दोन्ही वाचून सांगितलं, "1831 वाला व्हिक्टर जास्त एक्स्क्यूज देतो." एवढं एक वाक्य निबंधात नीट मांडलं तरी पुष्कळ झालं. पण जर्नलची दोन पानं गेली ती गेलीच, आणि त्या दिवशी घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

आता 18 डॉलरची प्रत. 1818 चा पाठ, पहिल्या पानावरच तसं स्पष्ट लिहिलेलं. सगळ्यात मोठं सुख म्हणजे टिपा पानाच्या तळाशी आहेत, पुस्तकाच्या मागे नेऊन कोंबलेल्या नाहीत. अग्रिप्पा कोण, पॅरासेल्सस कोण (दोघेही जुने किमया-जादूवाले विद्वान), व्हिक्टर पोरवयात त्यांच्या मागे लागला म्हणून बाप का चिडला, हे तिथल्या तिथे कळतं. मागे त्या काळचे कागदपत्र आणि अभ्यासकांचे लेख जोडलेत. ज्वालामुखीची हकिगत मला त्यातच सापडली: 1815 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोराचा उद्रेक झाला, त्याच्या राखेने पुढच्या साली युरोपचा उन्हाळाच गायब केला, आणि जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसात अडकून पडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायची पैज लावली. त्यातूनच ही कादंबरी निघाली. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. माझ्या लेकीहून फार मोठी नाही, हे मी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर उरलेला उन्हाळाही गेला असता.

लेखांचं म्हणाल तर लेक तिकडे फिरकली नाही आणि फिरकायची गरजही नाही. ते कॉलेजच्या पोरांसाठी आहेत. मी दोन वाचले, दुसऱ्यात झोप लागली. कागद पातळ आहे, हायलायटर मारला की पाठच्या पानावर उमटतो. पेन्सिल आणि चिकटपट्ट्या वापरा. समास स्वस्त प्रतीपेक्षा बरा, पण ऐसपैस नाही.

दोन्ही पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत आणि लिब्रिवॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेलं पुस्तक ऐकताही येतं. गाडीत आम्ही तेच लावलं. पण खुणा करणं हाच जिथे गृहपाठ आहे तिथे कागदाची, आपल्या मालकीची प्रत हवी. लायब्ररीच्या पुस्तकात लिहिता येत नाही, आणि लायब्ररीच्या अॅपवरचं मुदत संपली की, गोष्टीत तुम्ही ऐन प्रेताच्या शेजारी उभे असलात तरी, आपोआप परत जातं. सारांशाच्या साइटवरून काम भागवू पाहणाऱ्यांनी प्रकरणांचे आकडे तरी ताडून घ्यावेत, पहिला घोटाळा तिथेच उघडा पडेल.

तारे द्यायचेच तर स्वस्त प्रतीला दोन, महाग प्रतीला चार. कादंबरीला मी तारे देणार नाही, पण तिच्याबद्दल थोडं बोलल्याशिवाय राहवत नाही. मधल्या खंडात तो प्राणी एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून आतल्या कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. आधी आग, दूध, पाव, लाकूड एवढेच शब्द. मग माणसांची नावं. पुढे जंगलात त्याला एक चामड्याची पेटी सापडते आणि तिच्यात तीन पुस्तकं: मिल्टनचं महाकाव्य, प्लुटार्कची चरित्रं आणि ग्योटेचा वेर्थर. मी मराठी माध्यमातली. इथे आले तेव्हा दुकानात रांगेत उभी राहून पुढची बाई काय म्हणते ते ऐकायचे आणि मनात घोकून ठेवायचे, माझा नंबर आला की तेच म्हणायला. ते खोपट मला वर्णनाशिवायही दिसलं.

लेकीचं मत वेगळं पडलं. "त्याला समर रीडिंग मिळालं, पण जर्नल नाही लिहावं लागलं. लकी."

स्वस्त प्रत परत करायची मुदत टळून गेली होती, म्हणून ती मी ठेवून घेतली आणि माझी टिपणं तिच्यात करू लागले, मराठीत, त्या बोटभरही नसलेल्या समासात. परवा लेकीला तिची पेन्सिल सापडेना म्हणून माझ्या पुस्तकात खोचलेली घ्यायला तिने ते उघडलं, तर ती बाराव्या प्रकरणावर अडकली. रविवारच्या मराठी शाळेत तिसरीनंतर जाणं बंद केलं, त्यामुळे देवनागरी तिला अक्षर लावून वाचावी लागते. बोट ठेवून तिने सुरुवात केली. "आ... ग. आग. दू... ध. दूध." मग थांबली, स्वतःच्या प्रतीत ते पान शोधलं, आणि पुन्हा माझ्या समासाकडे वळली.

"पा... व."