अंदाजपंचे ठिगळकामाला फ्युजिबल फ्लीस चालतं का?

आधी निकाल सांगून टाकतो. मोजपट्टी बाजूला ठेवून, हाताला येतील तसे तुकडे जोडून सणाची छोटी सजावट करायची असेल, म्हणजे पताका, तारे, झाडं, पानं, टेबलावरची चटई, तर फ्युजिबल फ्लीस हा उत्तम माल आहे. भिंतीवरच्या मोठ्या पटासाठी मात्र तो घेऊ नये. आणि जोडकामात झोळ असेल तर फ्लीस तो लपवेल या आशेवर राहू नका. उलट तो झोळ कायमचा गोठवून ठेवेल.

माल कसा असतो? टेलर कॉलरला जे फ्यूजिंग लावतात, त्याची ही फुगीर बहीण समजा. पॉलिएस्टरचा मऊ थर आणि त्याच्या एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके. इस्त्रीच्या उष्णतेने ठिपके वितळतात आणि कापडाला धरतात. नेहमी भेटणारी नावं म्हणजे पेलॉनचं ९८७एफ आणि व्लीझलाइनचं एच ६३० व एच ६४०. यातलं एच ६३० पातळ, एच ६४० त्याहून जाड. पताका आणि पानांना पातळ पुरतं. ताऱ्याला थोडा गुबगुबीतपणा हवा असेल तर जाड घ्या. गोंदाची बाजू डोळ्यांना पटकन कळत नाही, बोट फिरवलं की खरखर लागते. दर वेळी बोट फिरवून खात्री करा, कारण गोंदाची बाजू कापडाऐवजी इस्त्रीकडे आली तर गोंद इस्त्रीच्या तव्याला लागतो आणि पुढच्या पांढऱ्या कापडावर त्याचा तपकिरी डाग उमटतो.

आता मुद्द्याचं. साध्या, अखंड कापडावर फ्लीस चिकटवणं कुणालाही जमतं. अंदाजपंचे जोडलेल्या कापडाची गोष्ट वेगळी. क्विल्टवाले अशा जोडतुकड्याला स्लॅब म्हणतात (घराच्या स्लॅबशी काही संबंध नाही). या स्लॅबची उलटी बाजू म्हणजे डोंगरदऱ्या असतात. प्रत्येक शिवणीशी मायेचे (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाचे) थर साठतात, आणि दोन शिवणी एकमेकींना छेदतात तिथे तर गाठच होते. इस्त्री ठेवली की ती या डोंगरांवर टेकते, दऱ्यांपर्यंत दाब पोचत नाही. गोंद फक्त उंचवट्यांना धरतो आणि मधल्या जागेत दोन-तीन दिवसांनी फुगे दिसू लागतात. ‘फ्लीस सुटतं’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यात बहुतेक वेळा दोष गोंदाचा नसून मायेचा असतो.

यावर उपाय दोन. पहिला, शिवणी एका बाजूला न दाबता उघडून दाबा. एका बाजूला दाबली की त्या बाजूला तीन थर होतात आणि दुसरीकडे एकच. उघडून दाबली की दोन्हीकडे दोन-दोन. अंथरायच्या क्विल्टमध्ये माया एका बाजूला दाबण्याची रीत आहे, त्याने शिवण मजबूत राहते. भिंतीला टांगायच्या ताऱ्यावर कुणी झोपणार नाही, त्यामुळे ती काळजी इथे नको. दुसरा उपाय, माया ६ मिमीच्या वर गेली असेल तर छाटून ६ वर आणा. अंदाजाने कापताना तिरप्या शिवणीच्या एका टोकाला १५ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ४ मिमी माया राहणं अगदी नेहमीचं आहे. जास्तीची छाटा. ४ मिमीपेक्षा कमी असेल तर ती शिवण पुन्हा घाला, कारण स्लॅब नंतर आडवातिडवा कापला जाणार आहे आणि अपुऱ्या मायेची टोकं तिथेच उसवतात. याच कारणासाठी जोडताना टाका २ मिमीचा ठेवा, नेहमीचा २.५ नको. कापलेल्या टोकाशी लहान टाका जास्त तग धरतो.

झोळाचं काय ते आता. पट्टीशिवाय कापलेल्या तुकड्यांच्या बऱ्याच कडा उरेब, म्हणजे विणीला तिरप्या येतात. उरेब कड शिवताना ताणली जाते आणि स्लॅब टेबलावर सपाट बसत नाही. कधी कडा लहरतात, कधी मधे पोट सुटतं. वाफेने थोडासा झोळ जिरतो, पण इस्त्री उचलून-ठेवून, सरकवत नाही; सरकवली की उरेब आणखी ताणते. स्टार्चचा फवारा जोडकामाआधी कापडावर मारला तर निम्मा त्रास मुळातच टळतो. तरीही झोळ उरला तर फ्लीसकडे जाऊ नका, कात्रीकडे जा. झोळातून आरपार काप द्या आणि परत शिवा. झोळ आहे तिथे माया रुंद, १ सेंमीपर्यंत, आणि पुढे निमुळती करत ६ मिमीवर आणा. कडा लहरत असतील तर रुंद माया कडेला, पोट सुटलं असेल तर मधोमध. लांबी कमी पडली तर त्या कापात एक अरुंद पट्टी घाला. अंदाजपंचे कामाची हीच तर मजा आहे, दुरुस्ती नक्षीत खपून जाते. मापाच्या क्विल्टला ही चैन नसते.

चिकटवण्याची कृती पाकिटावर चार ओळींत लिहिलेली असते. त्यात जे लिहिलेलं नसतं ते इथे सांगतो. फ्लीस गोंद वर करून खाली पसरा, त्यावर स्लॅब सुलट बाजू वर करून ठेवा, म्हणजे इस्त्री नेहमी कापडाच्या बाजूने होईल. फ्लीसवरून इस्त्री केली तर ते चपटं होतं आणि उष्णता गोंदापर्यंत पोचायच्या आत वरचं पॉलिएस्टर करपायला लागतं. वर ओलसर सुती फडका. मधून सुरुवात करून कडेकडे जा. एका जागी १० ते १५ सेकंद दाबा, उचला, अर्ध्या इस्त्रीइतकं पुढे ठेवून पुन्हा दाबा. वेगवेगळ्या मालाचं तापमान वेगळं असतं, तेवढं पाकिटावरचं पाळा. मग हात आवरा. गोंद निवताना धरतो, तापलेला असताना नाही. गरम असतानाच ‘चिकटलं का बघू’ म्हणून कोपरा उचलला की तो कोपरा गेलाच समजा. पूर्ण गार होईपर्यंत तुकडा सपाट पडून राहू दे.

लाल, गडद हिरवी, गडद निळी कापडं सणाच्या कामात हमखास येतात आणि ओल्या फडक्याखाली ती रंग सोडू शकतात. शेजारी पांढरा तुकडा असला की गुलाबी झालाच. आधी कातरणीवर ओला पांढरा फडका ठेवून इस्त्री दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर कापड धुऊन मगच वापरा.

पताकांचा हिशेब सोपा आहे. फ्लीसचा त्रिकोण शिवून झालेल्या मापाचा कापा, १५ सेंमी रुंद आणि १८ सेंमी उंच. कापडाला मात्र तिन्ही अंगांनी ६ मिमी माया सोडा. फ्लीस मायेत जाऊ द्यायचं नाही, नाहीतर उलटवल्यावर कड जाड आणि टोक बोथट होतं. ९० सेंमी पन्ह्याच्या फ्लीसमध्ये त्रिकोण एक उभा, एक उलटा असे लावले की १८ सेंमीच्या एका पट्टीत ११ बसतात. म्हणजे बारा पताका हव्या असतील तर एका पताकेपायी आख्खी दुसरी पट्टी कापावी लागते. अकरावरच थांबा, माळेला विषम आकडा दिसतोही छान.

तारा जास्त त्रास देतो. १५ सेंमी उंचीच्या पाच टोकी ताऱ्याची एकेक कड जेमतेम ६ सेंमीची असते. उलटवण्यासाठी कडेला ५ सेंमीची फट ठेवली तर आख्खी कडच हाताने शिवावी लागते आणि ती ओबडधोबड दिसतेच. त्यापेक्षा कडा पूर्ण शिवून घ्या आणि मागच्या कापडाला मधोमध ६ सेंमीचा छेद द्या. उलटवून झालं की छेदावर नमद्याचा गोल तुकडा शिवा, टांगायची दोरीही त्याच्याखाली दडते. आतल्या कोपऱ्यांशी टाका १.५ मिमीवर आणा आणि शिवणीपासून १-२ मिमीपर्यंत चीर द्या. चीर कमी पडली तर उलटवल्यावर तिथे चुणी येते. ती इस्त्रीने जात नाही, पुन्हा उलटवून चीरच वाढवावी लागते. बाहेरच्या टोकांवर सुई थेट टोकात वळवू नका, टोकावर एक आडवा टाका घेऊन वळा. ऐकायला उलटं वाटतं, पण टोक त्यानेच अणकुचीदार येतं, कारण आत दुमडायच्या मायेला जागा मिळते. अंदाजाने तारा काढताना टोकं जरा जाडी ठेवलीत तर अर्धी कटकट आधीच मिटते.

क्विल्टिंगच्या टिपा आकार कापायच्या आधी मारून घ्या, म्हणजे स्लॅब आणि फ्लीस एकत्र, मागचं कापड नंतर. टिपांनी तुकडा थोडा आक्रसतो, म्हणून चारी बाजूंनी १ ते १.५ सेंमी जास्त ठेवा. टाका ३ मिमी, सुई ९०/१४ नंबरची, टिपांमधलं अंतर १ ते २ सेंमी. वॉकिंग फूट (मशीनला लावायचा दात्यांचा खास पाय) असेल तर लावा, त्याचे वरचे दाते खालच्या दात्यांबरोबर कापड ओढतात. फूट बसवताना त्याचा दांडा सुईच्या स्क्रूवर नीट बसलाय ना ते पाहा. तो सुटा राहिला तर वरचे दाते चालतच नाहीत आणि बिचाऱ्या फ्लीसवर खापर फुटतं. फ्लीस चिकटलेलं असल्याने कच्चे टाके, पिना, चिकटवायचा फवारा यातलं काही लागत नाही. छोट्या कामात या मालाचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

जरीचा दोरा वापरणार असाल तर क्रम सांभाळा. आधी फ्लीस, मग इस्त्री, जरीची टीप शेवटी. धातूचा मुलामा असलेला दोरा पुन्हा कडक इस्त्रीखाली गेला तर आखडतो किंवा वितळतो. सुई मोठ्या नेढ्याची, वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) कमी, बॉबिनमध्ये साधा पॉलिएस्टर दोरा, आणि वेग मंद. रीळ उभं ठेवा. आडव्या रिळावरून दोरा पिळत येतो आणि सुईशी तटातट तुटतो.

आता जिथे फ्लीस नापास होतं ते. इस्त्रीच्या टेबलावर एका वेळी सपाट मावणार नाही एवढा पट असेल तर तो तुकड्या-तुकड्याने चिकटवावा लागतो आणि जिथे दोन दाबलेले भाग भेटतात तिथे रेघेसारखी सुरकुती उठते. शिवाय चिकटलेलं कापड ताठ राहतं, पट लोंबत नाही, पुठ्ठ्यासारखा टांगलेला दिसतो. हाताने घातलेल्या धावदोऱ्याने गोधडीला जी खाचखळग्यांची नक्षी येते, तीही यात उमटत नाही. मोठ्या पटाला कापसाची बॅटिंग (क्विल्टच्या आत घालायचा थर) घ्या. ती मऊ पडते आणि गरम इस्त्री सोसते. धुतल्यावर ती थोडी आटते आणि कापडावर बारीक सुरकुत्या येतात, अनेकांना हव्या असतात त्याच. उभं राहणारं झाड किंवा टोपली करायची असेल तर फ्लीसचा एक थर पुरत नाही, आठवड्याभरात मान टाकतो. तिथे क्विल्टिंगचा फोम लागतो. आणि यातलं काहीही मेणबत्तीजवळ टांगू नका. फ्लीस आणि फोम दोन्ही कृत्रिम आहेत, आच लागली की वितळतात.

ठेवणीत फ्लीस आणि कापूस यांच्यात फारसा फरक नाही, फक्त घडी घालू नये. फ्लीसच्या घडीवर पडलेली रेघ वाफेने पूर्ण जात नाही. पताका सपाट रचून मधे साधा कागद घाला, लांब पट्ट्या सुलट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वर जड खोकं ठेवू नका.

उरलेल्या फ्लीसचे तुकडे टाकू नका. कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या भिडवायच्या, गोंदाची बाजू एकाच दिशेला ठेवायची आणि वरून मशीनचा सगळ्यात रुंद झिगझॅग मारायचा. चढवल्या तर जोडाचा उंचवटा वरच्या कापडातून दिसतो. भिडवलेला जोड मात्र टिपांखाली कुठे होता ते नंतर शोधूनही सापडत नाही.