लष्कर आणि मदतसंस्था एकाच पोर्टलवर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मदतसंस्थेच्या माहिती कक्षात आम्ही गेले काही महिने एक बहुराष्ट्रीय समन्वय पोर्टल वापरतोय. वेगवेगळ्या देशांची लष्करं, नागरी यंत्रणा आणि स्वयंसेवी संस्था इथे गोपनीय नसलेली माहिती टाकतात आणि घेतात. नाव देत नाही, कारण इथल्या खोडी या जातीच्या कुठल्याही पोर्टलात निघू शकतात. या प्रकारातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे ‘एपॅन’. अमेरिकेच्या पॅसिफिक कमांडने ते आशिया-प्रशांत विभागासाठी उभं केलं होतं. २०१०च्या हैती भूकंपात लष्कराबाहेरच्या संस्थांशी देवाणघेवाण करायला तेच कामी आलं.

आधी लॉगिनबद्दल, कारण निम्मे लोक तिथेच गळतात. खातं मंजूर व्हायला वेळ लागतो आणि प्रत्येक गटाची परवानगी वेगळी मागावी लागते. त्यात दुहेरी पडताळणीचा कोड मोबाईलवर येणार. आपत्तीत सगळ्यात आधी मोबाईलचे टॉवरच झोपतात, हे बनवणाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं. कोड देणारं ऑफलाइन अ‍ॅप जोडायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये इतकी खोल आहे की आमच्यातल्या बऱ्याच जणांना सरावाच्या दिवशीच कळली. खातं काढायचं तर संकट नसताना काढा.

आता मुख्य गोष्ट. पोर्टल कितीही चांगलं असलं तरी त्यावर पडणारी माहिती ज्याच्या-त्याच्या सवयीची असते. एका संयुक्त सरावात हेलिकॉप्टर उतरवायच्या जागांची यादी आली. लष्कराच्या गटाने जागा सहा आकडी ग्रिड संदर्भात, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांच्या जाळीतल्या आकड्यांत दिल्या होत्या, आमचा नकाशा अक्षांश-रेखांश मागत होता. सहा आकडी संदर्भ म्हणजे शंभर मीटरचा चौकोन. त्या चौकोनात मैदान होतं आणि मैदानाच्या कडेने जाणारी विजेची तारही. शिवाय हे आकडे शंभर किलोमीटरच्या कुठल्या मोठ्या चौकोनातले, हे सांगणारी आकड्यांआधीची दोन अक्षरं काही ओळींत गाळलेली. ती नसली की तोच आकडा दर शंभर किलोमीटरला पुन्हा येतो. लष्करातल्या माणसाला आपण कुठल्या मोठ्या चौकोनात आहोत हे पाठ असतं, म्हणून तो ती लिहीत नाही. आम्ही मात्र फोन फिरवत बसलो.

वेळेचंही तेच. ‘०८०६३०झेड’ म्हणजे आठ तारीख, जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे सकाळचे साडेसहा. नेपाळच्या घड्याळात तेव्हा सव्वाबारा वाजलेले असतात, कारण तिथली वेळ पावणेसहा तास पुढे आहे. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळी लष्कराने बहुराष्ट्रीय लष्करी समन्वय केंद्र चालवलं होतं. परदेशी पथकं आणि स्थानिक यंत्रणा एकत्र आल्या की असल्या फरकांचं काय होत असेल, याची कल्पना सरावातच आली. आमच्या पोर्टलवर पोस्टची वेळ आपोआप स्थानिक होते, पण जोडलेल्या फाइलमधली होत नाही. ही उणीव लहान वाटते, पण मला ती सगळ्यात जास्त खटकली.

फाइली हा वेगळाच ताप. रोजचा अहवाल म्हणून नकाशे चिकटवलेली जड स्लाइड येते. उपग्रह फोनच्या जोडणीवर ती उघडेपर्यंत त्यातला पूल पुन्हा वाहून गेलेला असतो. ‘कोण, काय, कुठे’ हा साधा तक्ता मात्र सोन्यासारखा. संस्था, काम, गाव आणि गावाचा ठरलेला सांकेतिक क्रमांक. संयुक्त राष्ट्रांची ओचा ही संस्था असे प्रशासकीय क्रमांक आणि सीमांचे संच बऱ्याच देशांसाठी पुरवते. क्रमांक असला की गावाचं स्पेलिंग कसंही लिहा, तक्ता जुळतो. एका भागात तीन संस्था पाणी पोहोचवताहेत आणि शेजारच्या भागात कोणीच नाही, हे आम्हाला या तक्त्यावरूनच दिसलं. पोर्टलवर नुसतं हे एवढं जरी नीट चाललं, तरी बाकीच्या खिडक्या बंद करायला माझी हरकत नाही.

चॅट चांगलं आहे, शोध भिकार. धोक्याच्या पहिल्या सूचनेसाठी मी इथे येतच नाही, त्यासाठी जीडॅक्स या जागतिक आपत्ती-सूचना यंत्रणेचे हिरवे-नारिंगी-लाल इशारे पुरतात.

काय टाकू नये, याबद्दल मात्र मी कडक आहे. लाभार्थ्यांची नावं, निवाऱ्यातल्या कुटुंबांच्या याद्या, जखमींचे फोटो इथे येता कामा नयेत. ‘गोपनीय नाही’ हा लष्कराचा शिक्का आहे, त्या माणसाची संमती नव्हे. शिवाय आपत्तीत परदेशी लष्कराची मदत कशी वापरावी हे सांगणारी ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वं परदेशी लष्करी साधनांना शेवटचा पर्याय मानतात. आज पुरात मदत करणारं लष्कर उद्या त्याच भागात एखाद्या संघर्षातला पक्ष असू शकतं. गटातून फाइल काढून टाकली तरी ती कोणी कोणी उतरवून घेतली हे आमच्या पोर्टलवर फक्त व्यवस्थापकाला दिसतं. ते सगळ्या सदस्यांना दिसायला हवं.

पाचपैकी साडेतीन गुण. पुरवठा आणि नकाशांचं काम करणाऱ्यांनी घ्यावं. प्रत्यक्ष गावात फिरणाऱ्या पथकांना याची गरज नाही, त्यांनी रेडिओवर किंवा साध्या संदेशाने कक्षाला कळवावं आणि तक्ता कक्षाने भरावा. आम्ही आता तसंच करतो. प्रत्येक जागेपुढे दोन्ही पद्धतींचे संदर्भ आणि वेळेपुढे ‘झेड’ की स्थानिक, एवढं लिहिल्याशिवाय ओळ पुढे जात नाही.