काडेचिराईत काही महिने घेतल्यावर: भूक परतली, जळजळीला मात्र उपयोग नाही

जेवायची वेळ झाली तरी भूक नाही, चार घास खाल्ले की पोट गच्च, वर तासन्‌तास जडपणा. या तक्रारीसाठी काडेचिराईत ही कडू औषधी वनस्पती सुरू केली, त्याला आता बरेच महिने झाले. त्याआधी तपासण्या करून अल्सर नाही, पित्ताशयात खडे नाहीत याची खात्री करून घेतली होती. कडू औषध घेणाऱ्या प्रत्येकानं आधी हे करावंच.

काड्यांची जाडसर भरड अर्धा चमचा, कपभर पाण्यात रात्री भिजत घालायची, सकाळी गाळायची. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं त्यातले दोन-तीन घोट सावकाश प्यायचे. पहिल्या क्षणी जिभेला फारसं काही कळत नाही. मग जिभेच्या मुळापासून कडूपणा चढत जातो आणि तोंड लाळेनं भरतं. थोड्याच वेळात पोटात गुरगुर सुरू होते. माझ्यासाठी खरं औषध इथेच आहे. कडू चव लागली की मेंदूमार्फत लाळ आणि जठररस सुटायला लागतात, म्हणून नाक दाबून घटकन गिळण्यात अर्थ नाही. कॅप्सूलही घेऊन पाहिली. कडू चव ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) आतड्यातही असतात, तेव्हा ती निरुपयोगी असं म्हणणार नाही, पण मला भुकेत फरक जाणवला तो चव घेतल्यावरच. कडू रस स्वतः रुचत नाही पण अरुची घालवतो, हे आयुर्वेदाचं निरीक्षण मला शब्दशः पटलं.

दुसऱ्या आठवड्यापासून भूक वेळेवर लागायला लागली. जडपणा कमी झाला, गॅसमध्ये थोडाच फरक. छातीतल्या जळजळीला मात्र काही उपयोग नाही, उलट रिकाम्या पोटी घेतल्यावर ती वाढली. आम्लपित्ताच्या काही काढ्यांत चिराईत असतं हे खरं, पण तिथे सोबत इतर वनस्पती असतात आणि ते वैद्याला विचारूनच घ्यावेत.

मध्ये कुटकी ही दुसरी कडू वनस्पतीही घेतली. तिनं शौचाला पातळ होतं, बद्धकोष्ठ असेल त्याला ती सोयीची, मला नव्हती. शिवाय हिमालयातली ही वनस्पती मुळासकट उपटली जाते. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1997 पासून साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारासाठीच्या कराराचं नियंत्रण आहे, त्यामुळे गरज नसताना ती घेणं मला पटत नाही. गुळवेल मी जाणूनबुजून टाळली. 2021 मध्ये ती घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेत तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शक्यता मांडली. वाद काहीही असो, यकृताचा त्रास असणाऱ्यानं स्वतःच्या मनानं घेऊ नये.

वनस्पती ओळखून घेणं फार महत्त्वाचं. चिराइताला किराईतही म्हणतात, पण त्या नावानं पुष्कळदा कालमेघ हातात पडतो. त्याच्या काड्या हिरवट आणि चौकोनी असतात. काडेचिराइताची काडी तपकिरी-जांभळट, खालच्या भागात गोल, आणि मोडली की आत पिवळसर भेंड दिसतं. कालमेघही जहाल कडू आहे, पण वनस्पती वेगळी, घटक वेगळे.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच घ्या, कारण दोन्हींनी मिळून साखर उतरू शकते. गरोदरपणात नकोच. रोज सलग घेतल्यावर मला तोंडाला कोरड आणि मलावरोध जाणवला, म्हणून आता भूक मंदावली की आठवडाभर घेऊन थांबवतो.