घोकंपट्टी की फोनिक्स?

आमच्या वेळी स्पेलिंग म्हणजे घोकंपट्टी. ‘बी-ई-सी-ए-यू-एस-ई, बिकॉज’ असं तालात म्हणायचं. चुकलं की दहा वेळा लिहायचं. भाचीला आता फोनिक्स शिकवतात, म्हणजे आधी आवाज, मग अक्षर. बाराखडी गिरवलेल्या मुलांना हे जवळचं वाटतं. फक्त आपला ‘क’ कुठेही ‘क’च राहतो, इंग्रजीत मात्र 26 अक्षरांवर सुमारे 44 ध्वनींचा भार. म्हणून भाची ‘शिप’, ‘लॅम्प’ न पाठ करता बिनचूक लिहिते आणि ‘वॉज’ लिहिते डब्ल्यू-ओ-झेड! मला ती चूक पाठांतराच्या पैकीच्या पैकी मार्कांपेक्षा आवडते. पोरीनं कान लावून लिहिलंय.

इंग्लंडमध्ये 2012पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची फोनिक्स चाचणी होते. 40 शब्द, त्यांतले निम्मे निरर्थक. तिथे पाठांतराची डाळ शिजत नाही. पण ती परीक्षा वाचनाची. लिहिताना ‘नाइफ’मधला मुका ‘के’ कानाला सापडणार कसा? अशा हट्टी शब्दांपुरती घोकंपट्टीच बरी.

कॅपिटल अक्षरांना मात्र दोन्ही पद्धतींचा उपयोग नाही. देवनागरीत ती भानगडच नसल्यामुळे भाचीचा ‘आय’ अजून छोटाच असतो.