ग्लास ब्लॉकची शॉवर भिंत, आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, ब्लॉक आवडलेत, पण खरेदी मी उलट्या क्रमाने केली. साधे चौकोनी ब्लॉक आधी मोजून आणले आणि कडेचं काय ते नंतर बघू म्हटलं. माझी शॉवरची भिंत ६ ब्लॉक रुंद, ९ थर उंच, एका बाजूने पक्क्या भिंतीला टेकलेली. ब्लॉक १९० मिमीचा आणि १० मिमी सांधा, म्हणजे सरळ २०० चा हिशोब, एकूण ५४ नग. मी ५४ साधेच उचलले. गवंडी म्हणाला उघडी कड कशी झाकणार, सांगा. कारण ब्लॉकच्या बाजूला सिमेंट धरायला खाच असते, ती तशीच दिसते, आणि ब्लॉक आतून पोकळ, कापायची सोय नाही. म्हणजे १४ नग बदलून घ्या! उभ्या कडेला आणि वरच्या थराला एक बाजू गोल फिनिश केलेले १३ एंड ब्लॉक, आणि वरच्या कोपऱ्यात दोन बाजू फिनिश असलेला एक. हा एकच नग मिळवायला सगळ्यात जास्त दिवस गेले, त्यामुळे आधी आकारवाले हातात घ्या, साधे कुठेही मिळतात.

जिन्याजवळच्या गोल पार्टिशनला पण तसंच झालं, पूर्ण ब्लॉक वळणावर लावून बघितले तर आतला सांधा दोऱ्याएवढा आणि बाहेरचा बोटभर, अगदी दातात फटी असल्यासारखं. मग ९० मिमी रुंदीचे अर्धे ब्लॉक उभे लावले तेव्हा कुठे वळण वळणासारखं दिसलं.

काच पाणी पीत नाही त्यामुळे सिमेंट-वाळूचा माल सैल असला की ब्लॉक खाली बसतात, घसरतात. आमच्या गवंड्याने माल घट्ट ठेवला, सांध्यात स्टीलच्या सळया टाकल्या आणि दिवसाला तीनच थर चढवले. मला तेव्हा वाटलं टाइमपास करतोय, नव्हता करत. भिंतीला टेकते तिथे सिमेंट न भरता सिलिकॉनचा सांधा ठेवलाय, अजून एकही चीर नाही.

प्रायव्हसी विचारतात सगळे. लाटांच्या नक्षीचे घेतलेत. आत दिवा लावून माणूस ब्लॉकला चिकटून उभा राहिला तर आकृती कळते, दोन फूट मागे सरकला की नुसता रंगाचा ढग. नक्षी काचेच्या आतल्या बाजूला असते, बाहेरून गुळगुळीत, म्हणून पुसायला सोपं आणि सक्शनचा हुक पण टिकतो. ड्रिल मात्र विसरा, साबणाची जाळी हवी असेल तर ती बाजूच्या पक्क्या भिंतीवर.

डोकेदुखी काचेची नाहीच, ग्राउटची आहे, म्हणजे सांध्यात वरून भरतात त्याची. आधी साधं व्हाइट सिमेंट भरलेलं, तिसऱ्या महिन्यात खालचे दोन थर काळपट. क्षाराचे डाग जावेत म्हणून मी व्हिनेगर मारत होतो आणि त्याने ग्राउट अजून खाल्लं, हा शहाणपणा माझाच. खालचे सांधे खरवडून इपॉक्सीचं ग्राउट भरलं, ते ठीक आहे, आता अंघोळ झाली की वायपर फिरवायचा, बास.

गेल्या महिन्यात पाचव्या थरातल्या एका ब्लॉकमध्ये आतून वाफ धरलेली दिसली, म्हणजे काचेचे दोन भाग जोडून ब्लॉक बनतो तो जोड कुठेतरी सुटलाय. दुरुस्ती होत नाही, तो फोडून नवा बसवावा लागणार. नशीब साधाच नग आहे, जिन्याखाली साधे चार पडलेत, एंड ब्लॉक एकही नाही.